पाटी नसलेली गाडी

"काका, हा मुलगा परत का येतो?" अनुप सरांनी विचारलं.

शेषराव तायडे उभेच होते. कथा वाचून झाली की लोक टाळ्या वाजवतात आणि मग आपण बसायचं, अशी त्यांची जुनी सवय. टाळ्या अजून झाल्या नव्हत्या, त्यामुळे बसावं की नाही ते ठरत नव्हतं.

"परत म्हंजे घरी येते थो," शेषराव म्हणाले.

"ते कळलं. पण का येतो?"

शेषरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाडी होती ना, सर. सकाळची."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अनुप सर हसले नाहीत. ते अमरावतीतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगात खादीचा कुरता, आणि चष्मा असा की त्यातून बघितल्यावर समोरचा माणूस आपोआप जुना दिसावा. त्यांनी शेषरावांच्या हातातला कागद घेतला, शेवटचा परिच्छेद आतल्या बाजूला दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि कागद परत दिला.

"आता वाचा. मुलगा निघून गेलाय. आई दारात उभी आहे. संपलं."

"संपलं कुठी? थे उभीच हाये ना अजून."

"तेच तर," अनुप सर म्हणाले. "उभीच राहू द्या तिला."

शेषराव बसले. चांगल्या घरची बाई, गुडघे दुखत असलेली (हे कथेत नव्हतं, पण शेषरावांना माहीत होतं), सकाळपासून दारात ताटकळत आहे आणि हा शिकला-सवरलेला माणूस म्हणतो, उभीच राहू द्या. त्यांनी घडी उलगडून मुलाला हळूच घरात घेतलं आणि कागद खिशात ठेवला.

नव्या कथेची दोन दिवसांची ही कार्यशाळा होती. आज दुसरा दिवस. शेषराव दोन्ही दिवस अकोल्याहून पहाटेच्या गाडीने आले होते. वयाने ते सगळ्यांत मोठे, त्यामुळे त्यांना पंख्याखालची खुर्ची मिळाली होती आणि मताला किंमत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांना कळलं की कथेला आरंभ असणं हा जुना रोग आहे. दुपारी कथानक गेलं. चहाच्या वेळेपर्यंत पात्रांचा स्वभावही गेला. संध्याकाळी घरी जाताना कथेत काय उरलं याचा शेषराव गाडीत बसून हिशेब करत होते, आणि मूर्तिजापूरपर्यंत त्यांना काही सापडलं नव्हतं.

देवानंद नावाच्या एका तरुणाची कथा मात्र सगळ्यांना आवडली होती. तिच्यात एक माणूस पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत उभा असतो. बराच वेळ बघतो. मग त्याला रेग्युलेटर आपल्याकडे बघतोय असं वाटतं. कथा तिथेच थांबते, म्हणजे देवानंद थांबला म्हणून सगळ्यांना कळलं. अनुप सरांनी डोळे मिटून मान हलवली. शेषरावांनी हात वर करून विचारलं होतं, "लाइन गेलती का?"

देवानंद म्हणाला, "काका, ते महत्त्वाचं नाही."

"असं कसं? लाइन गेली असन त मानूस वाट पाह्यते. लाइन असन त थो येडा हाये. दोन येगयेगळ्या गोष्टी झाल्या."

त्या दिवसापासून, म्हणजे कालपासून, देवानंद त्यांच्यापासून दोन खुर्च्या लांब बसत होता.

शेषरावांचं सगळं आयुष्य एसटीत गेलं होतं. अकोल्याच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करायच्या. गाडी कुठून निघाली, कोणत्या मार्गाने जाणार, कुठे पोचणार. या तीन गोष्टी सांगितल्या की माणूस निर्धास्त गाडीत चढतो. चढलेल्या म्हाताऱ्या खिडकीतून डोकं बाहेर काढून पुन्हा विचारत, "बाळापूरलेच जाते ना बापा?" आणि शेषराव माइकवरून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, त्यांना व्यक्तिशः उत्तर देत. कथाही ते तशीच लिहीत. वऱ्हाडातल्या दिवाळी अंकांत दरवर्षी त्यांची एक तरी कथा असे, आणि तिच्यातला माणूस शेवटच्या पानावर घरी पोचलेला असे. कुणी रुसून गेलेला असो, कुणी मुंबईला हरवलेला असो, शेषराव त्याला घरी आणत. पोचल्याशिवाय सोडायचं नाही, हा एक प्रकारे खात्याचाच नियम होता.

काल त्यांनी अनुप सरांना हे सांगूनही पाहिलं होतं. "गोष्टीले पाटी पायजे, सर. मानूस पाटी वाचून गाडीत बसते."

"आधुनिक कथेला पाटी नसते, काका."

"मंग तिच्यात बसन कोन?"

"जो कुठेही जायला तयार आहे, तो."

"तसे लय असतात फलाटावर," शेषराव म्हणाले होते. "पन थे बसत नाईत गाडीत. झोपेल असतात."

एवढं होऊनही शेषराव आज पुन्हा आले होते, त्याचं कारण नवी कथा नव्हतं. कारण त्यांच्या पिशवीत होतं. स्टीलचा डबा, झाकणावर 'सौ. शालू शे. तायडे' असं नाव कोरलेला, आणि आत सकाळी तळलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. त्यांचा मुलगा प्रीतम इथेच, अमरावतीत राहत होता, कोचिंग क्लासच्या गल्ल्यांत, आणि जवळजवळ दीड वर्षात तो अकोल्याला आला नव्हता. काल शेषराव गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन माघारी फिरले होते. घरी सांगितलं, वेळ भेटला नाही. आज शालूने डबा हातात दिला आणि दारातच म्हणाली, "तुमच्या गोष्टीत आनला होता तुमी त्याले. आता खराखुरा आना."

भांडण गोष्टीवरूनच झालं होतं, आज वाचलेल्या नव्हे, दीड वर्षापूर्वीच्या एका.

प्रीतम अधिकारी होण्याच्या परीक्षा देत होता. एकदा दिली, दोनदा दिली, एकदा तर मुलाखतीपर्यंत जाऊन आला. नातेवाईक फोन करून आधी अभिनंदनाच्या तयारीत विचारत, मग नुसतं विचारत, मग विचारायचे थांबले. घरात त्याच्याविषयी बोलणं अवघड झालं. शेषरावांना बोलता आलं नाही की ते लिहीत. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्यांनी एक कथा दिली. तिच्यातल्या मुलाचं नाव प्रशांत होतं. प्रशांत परीक्षा देऊन देऊन थकतो, पुस्तकं बांधून ठेवतो, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी सकाळच्या गाडीने घरी येतो, बापाचे पाय धरतो, म्हणतो, "बाबा, तुमचंच खरं होतं," आणि पुढच्या महिन्यात मोटारपंपाच्या सामानाचं दुकान टाकतो. दुकान चांगलं चालतं.

लिहिताना शेषरावांचे डोळे भरून आले होते. शालूचेही. ती त्यांची पहिली वाचक. कोणतीही कथा हातात घेण्याआधी विचारायची, "शेवट चांगला हाये ना? नसन त मी नाई वाचत." हिचा शेवट एकदम चांगला होता.

अंक निघाला आणि आठ दिवसांत वाशीमच्या मामाने प्रीतमला फोन केला, "दुकान कोन्या रोडले टाकून राहिला?" अभ्यासिकेत कुणीतरी कथेचं शेवटचं पान फाडून भिंतीला चिकटवलं. खाली पेनाने लिहिलं, मोटर बिघडल्यास भेटा. प्रीतम घरी आला, अंक टेबलावर ठेवला आणि आवाजही न चढवता म्हणाला, "बाबा, माहा शेवट तुमी काहून लिवला? मी अजून मधातच हाओ."

शेषराव म्हणाले, "थो तू नाई. थो प्रशांत हाये."

"मंग त्यालेच बलवत जा जयंतीले."

तेव्हापासून एक जयंती तशीच गेली. निळे झेंडे लागले, शालूने खीर केली, तीन वाट्या भरल्या आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरणीला दिली. आता मार्च संपत आला होता. दुसरी जयंती तोंडावर होती.

"आता सगळ्यांसाठी एक अभ्यास," अनुप सर सांगत होते. "जेवणानंतर प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. अट अशी, की शेवट करायचा नाही. आपण लेखक म्हणून फार उतावळे असतो. माणूस जगतोय, चाचपडतोय, आणि आपण त्याच्या पुढे धावत जाऊन त्याचं दार बंद करून ठेवतो. चालू आयुष्याला शेवट लावणं ही हिंसा आहे. मला तर वाटतं..."

इथे त्यांचा फोन वाजला. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण खोली लहान होती. "हो आई... आनतो ना सांबार... किती जुड्या?... अवं शिकवून राहिलो मी... बरं, दोन." फोन ठेवून ते वळले आणि पुन्हा शुद्ध मराठीत आले. "तर, हिंसा."

बाकीचे कोथिंबिरीवर हसत होते. शेषराव हसले नाहीत. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना या माणसाचं बोलणं समजलं होतं. प्रीतमही हेच म्हणाला होता. फक्त त्याला इतके शब्द लागले नव्हते.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा देवानंदने विचारलं, "काका, जेवायला चलता ना? पनीर आहे."

"मले काम हाये गावात," शेषराव म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

ऑटोवाल्याने कोचिंगच्या गल्लीत सोडलं. दोन्ही बाजूंनी फलकच फलक. निवड झालेल्या पोरांचे हसरे फोटो, खाली पदांची नावं. एवढे चांगले शेवट एकाच रस्त्यावर शेषरावांनी कधी पाहिले नव्हते. फलकांखालून पाठीवर बॅगा घेतलेली पोरं जात होती. त्यांच्यातलं कुणीही वर बघत नव्हतं.

प्रीतम कुठे जेवतो ते शालूला ठाऊक होतं. ती त्याच्याशी फोनवर बोलायची, बाप घरात नसताना. माणिकबाईची खानावळ. पत्र्याचं शेड, चार लांब बाकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली 'उधारी बंद, विषय पण बंद' अशी पाटी. माणिकबाई पन्नाशीची, पोळ्या लाटता लाटता गल्लीवर नजर ठेवून असणारी बाई होती.

"जय भीम, बाई. प्रीतम तायडे इथंच येते ना जेवाले?"

"जय भीम. येते ना. येईनच आता. बसा, भाऊ." तिने त्यांच्याकडे, मग पिशवीकडे बघितलं. "गावाकडचे का तुमी त्याचे?"

"हो, तिकडलेच," शेषराव म्हणाले. खोटं नव्हतं. "कसा हाये पोट्टा?"

"प्रीतम? लय गुनाचा. मांगं माहा हात भाजला होता त महिनाभर भाजी चिरून दिली त्यानं. पन घरचं काही बोलत नाई. बाप लेखक हाये म्हने त्याचा, अकोल्याले."

"असं?" शेषराव बाकावर जरा पुढे सरकले. लेखकाला असा वाचक पुन्हा भेटत नाही. "बापाबद्दल काय म्हनते?"

"काहीच नाई म्हनत. एकडाव एवढंच म्हने, माणिकबाई, माहा बाप कधी आला त जपून बोला त्याच्यासमोर. छापते थो."

शेषरावांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि पूर्ण रिकामा केला.

तेवढ्यात प्रीतम आला. हातात हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. दारात थांबला. कानाजवळचे केस पिकायला लागले होते; हे शालूला सांगायचं की नाही, असा विचार शेषरावांच्या मनात येऊन गेला.

"बाबा," प्रीतम म्हणाला.

माणिकबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. तिने आत्तापर्यंत काय काय बोललो ते मनातल्या मनात उलट मोजून पाहिलं असावं, कारण तिने शेषरावांपुढे ताट ठेवलं आणि तूप न विचारता वाढलं.

प्रीतम समोर बसला. हेल्मेट बाजूला ठेवलं. पँटच्या पट्ट्याला किल्ल्यांचा मोठा जुडगा लटकत होता, तो बाकावर आपटून वाजला. शेषरावांचे डोळे किल्ल्यांवर गेले आणि तिथेच राहिले. एवढ्या किल्ल्या कशाच्या? अभ्यासिकेची देखरेख मिळाली असेल. कदाचित कुठे ऑफिसात लागला असेल आणि सांगितलं नसेल, जयंतीला येऊन एकदम सांगणार असेल. किंवा खरंच दुकान टाकलं असेल. पहिला घास तोंडात जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात तीन कथा लिहून झाल्या होत्या. तिन्हींत मुलगा सुखी होता.

"इकडे कसे आले?" प्रीतमने विचारलं.

"कार्यशाळा हाये. नव्या कथेची."

"मंग, हाओ का मी तिच्यात?"

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं. तिच्यात कोनीच नाई. एक रेग्युलेटर हाये फक्त."

प्रीतमच्या ओठाचा कोपरा हलला. हसू म्हणावं एवढा नाही. त्याने वांग्याच्या रश्शात पोळी बुडवली. "मामा काय म्हनते वाशीमवाला?"

"बरा हाये. मोटर जळली त्याची."

"दुकान कुठी हाये म्हना इचाराले."

हा टोमणा होता आणि बरोबर लागला. शेषरावांनी मान खाली घालून भात कालवला. मग पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "तुह्या आईनं देल्या. सकाळच्याच हायेत."

प्रीतमने झाकण उघडलं. कोथिंबिरीचा आणि तळणाचा वास शेडभर झाला. शेजारच्या बाकावरच्या पोरांनी माना वळवल्या. प्रीतमने दोन वड्या माणिकबाईच्या ताटलीत ठेवल्या, एकेक त्या पोरांना दिली, एक स्वतः घेतली आणि एक बापाच्या ताटात टाकली. ती शेषरावांच्याच घरची वडी होती, अकोल्याहून त्यांनीच आणलेली. तरी ती त्यांनी पाहुण्यासारखी, दोन बोटांनी उचलली.

"गुडघे कसे हायेत तिचे?"

"हायेत तसेच. उभं राह्यलं की दुखतात."

"मंग उभी काहून राह्यते?"

शेषरावांकडे याला चांगलं उत्तर होतं. एक पूर्ण वाक्य, भरून आलेलं, शेवटच्या पानावर शोभावं असं. त्यांनी ते वडीबरोबर गिळलं. "सांगतो तिले बसाले," ते म्हणाले.

नंतर दोघंही जेवत राहिले. प्रीतमने परीक्षेचं काही सांगितलं नाही. किल्ल्यांचं सांगितलं नाही. शेषरावांची जीभ दर दोन घासांनी पुढे येत होती, काय चालू हाये तुह्यं, पुढं काय ठरवलं, जयंतीले येतं का, आणि दर वेळी ते पाणी पीत होते. माणिकबाईने तांब्या त्यांच्या जवळच आणून ठेवला.

हात धुऊन प्रीतम त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. ऊन चांगलंच चढलं होतं. त्याने ऑटो थांबवला, ऑटोवाल्याला पत्ता नीट समजावून सांगितला, कुठे वळायचं तेही. शेषरावांना गंमत वाटली. आवाजातला चढ-उतार थेट काचेच्या खोलीतला होता.

"डबा राह्यला," शेषराव ऑटोत बसल्यावर म्हणाले.

"अर्ध्या वड्या हायेत अजून त्याच्यात. आन रिकामा डबा कसा देऊ आईले?" प्रीतम म्हणाला. "मंग देतो."

मंग म्हंजे कधी?

प्रश्न शेषरावांच्या दातांपर्यंत आला. साधा प्रश्न. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या या एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. गाडी कधी येणार, किती वाजता लागणार, कोणत्या फलाटावर. प्रीतम ऑटोच्या दांडीला धरून उभा होता आणि बापाच्या तोंडाकडे बघत होता, जणू तोही त्याच प्रश्नाची वाट पाहतोय आणि तो आला की हात सोडून देणार आहे.

"बरं," शेषराव म्हणाले.

प्रीतमने दांडी लगेच सोडली नाही. मग ऑटो निघाला.

कार्यशाळेत परत आल्यावर शेषराव पंख्याखाली बसले आणि त्यांच्यासमोर कोरा कागद होता. त्यांना लिहिता येत होतं. इतकं स्वच्छ कधीच सुचलं नव्हतं. शेड, लाटणं, किल्ल्यांचा आवाज, ताटात पडलेली वडी, ऑटोची दांडी. एकेक वाक्य रांगेत उभं होतं आणि कुठल्याही वाक्याला पाटी नव्हती. हे पान आज वाचलं तर अनुप सर डोळे मिटून मान हलवतील हेही त्यांना कळत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं. पाय उगाच हलत होते. देवानंदने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

वाचन सुरू झालं. एकाने जिना वाचला, एका मुलीने स्वतःच्याच नावाची अक्षरं सुटी करून वाचली, देवानंदचा माणूस या वेळी टेबलफॅनसमोर होता. मग सर म्हणाले, "शेषरावकाका."

शेषराव उठले. "नाई लिहिलं, सर."

"सुचलं नाही?"

"सुचलं. चांगलं सुचलं होतं."

"मग?"

"मानूस मधात हाये अजून," शेषराव म्हणाले. "त्याचा त्याले जाऊ द्या पुढं. आपन कशाले लिवा?"

अनुप सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच लहान दिसत, कुणाचातरी मुलगा वाटावेत इतके. त्यांनी वही ओढली आणि शेषरावांचं वाक्य लिहून घेतलं. मग मागच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या, आणि सकाळपासून न मिळालेल्या टाळ्या शेषरावांना न लिहिलेल्या कथेसाठी मिळाल्या. बसावं की नाही, हा प्रश्न याही वेळी पडलाच.

निघताना सर जिन्यापर्यंत आले. "काका, ते वाक्य मी लेखात वापरलं तर चालेल?"

"वापरा ना. पन पोट्ट्याचं नाव नोका घालू."

"कुठल्या पोट्ट्याचं?"

"प्रशांतचं," शेषराव म्हणाले. "आन सर, सांबार घ्याचा हाये ना तुमाले. दोन जुड्या."

अकोल्याला पोचेपर्यंत शेषराव खिडकीशी बसूनही बाहेर काही बघत नव्हते. त्यांच्या खिशात दुमडलेला कागद होता. बडनेऱ्याला त्यांनी तो काढला, शेवटचा परिच्छेद वाचला, मूर्तिजापूरला पुन्हा वाचला. मुलगा फार झटपट घरी येत होता. दार उघडायलाही वेळ देत नव्हता.

दिवेलागणीला ते घरी आले तेव्हा शालू स्वयंपाकघरात होती. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, हलकी लागली म्हणून आत हात घालून पाहिलं.

"भेटला?"

"भेटला."

"काय म्हने?"

शेषराव उंबरठ्यावर उभे होते. 'जयंतीले येतो म्हने' हे वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. काही त्रास नव्हता. ते बोललं असतं की शालूने लगेच डाळ भिजत घालायचं ठरवलं असतं, आज रात्री नीट झोपली असती, आणि जयंती यायला अजून पंधरवडा होता. एवढ्या दिवसांत काहीही होऊ शकतं. गाड्या वेळेवरही येतात.

"जेवला," शेषराव म्हणाले. "वांग्याचा रस्सा होता. तुह्या वड्या साऱ्याइले वाटल्या. एक मले देली."

"आन?"

"गुडघ्याचं इचारलं तुह्या."

"आन?"

"ऑटोपर्यंत आला."

"मंग?"

"मंग काही नाई. आलो मी."

शालू लेखकाची बायको होती. एवढ्यावर कथा संपत नाही हे तिला ठाऊक होतं. "जयंतीचं इचारलं?"

"नाई."

"परीक्षेचं?"

"नाई इचारलं."

"मंग गेले कशाले होते तुमी?" तिचा आवाज फुटला. "दोन दिवस गाडीभाडं खर्चून, एक शब्द इचारता नाई आला तुमाले? साऱ्या दुनियेले इचारता, कुठी जाता म्हनून. पोटच्या पोट्ट्याले इचाराले काय झालं होतं?"

शेषरावांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, येऊन पुन्हा तिथेच उभे राहिले. शालू पाठमोरी होऊन कणीक मळत होती, लागते त्यापेक्षा जास्त जोराने. मागे न वळता तिने विचारलं, "डबा कुठी हाये?"

"त्याच्यापाशीच राह्यला."

"इसरले?"

"नाई. थोच म्हने. रिकामा डबा कसा देऊ आईले, म्हने. मंग देतो."

कणकेवरचे हात थांबले. "मंग देतो म्हने?"

"हो."

"असंच म्हने? देतो? का पाठवतो म्हने?"

"देतो म्हने."

"मंग म्हंजे..." शालूने सुरुवात केली आणि तिथेच थांबली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती पुन्हा कणकेकडे वळली. "काय रंगाचा शर्ट होता?" तिने विचारलं.

"आभाळी. इस्त्रीचा."

"आन पोट्टा? वाळला हाये का?"

"नाई. हाये तसाच."

जेवणं झाली. शालूने भांडी घासली आणि शेषरावांनी ती पुसून फळीवर लावायला घेतली. तिथे डब्यांची रांग होती, मोठ्यापासून लहानापर्यंत, सगळ्या झाकणांवर तेच नाव कोरलेलं. मधला एक डबा नव्हता. रांगेत एका डब्याएवढी मोकळी जागा दिसत होती. शेषरावांनी हातातला साखरेचा डबा तिथे सरकवला.

"तिथं नोका ठेवू," शालू म्हणाली.

शेषरावांनी डबा काढून घेतला. ओट्यावर ठेवला.